फिनेल बंद करा, मग मांजराकडे बघू

मांजरानं गादीवर मुतलं की घरात दोन गोष्टी लगोलग होतात. आधी त्याचं नाक धरून तिथं घासलं जातं, मग फिनेलची बाटली निघते. दोन्हींमुळे पुढचा आठवडा आणखी वाईट जातो. नाक घासल्यानं मांजर एवढंच शिकतं, की माणसांसमोर मुतायचं नाही. मग ते पलंगाखाली, कपाटामागे, धान्याच्या डब्यांच्या सांदीत जागा शोधतं आणि तुम्हाला पत्ता लागतो तो वासानं, चार दिवसांनी. ‘डूख धरून मुद्दाम करतंय’ हा घरातल्या मोठ्या माणसांचा ठरलेला निकाल. मांजराच्या डोक्यात एवढं राजकारण नसतं. एक तर त्याला दुखतंय, नाहीतर ते हद्द आखतंय, नाहीतर त्याला टब (शी-लघवीसाठी माती घालून ठेवलेलं भांडं) पटलेला नाही. तपासायचं याच क्रमानं, कारण पहिल्या शक्यतेत वेळ फार थोडा असतो.

बोका टबात जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, खाली सारखा चाटतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही, असं दिसलं तर पुढचं वाचू नका, त्याला उचला आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे फार अरुंद असते. स्ट्रुव्हाइट या लघवीतल्या क्षाराचे बारीक खडे किंवा चिकट बुळबुळीत गुठळी तिथं अडकली की लघवी पूर्ण तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाची लय बिघडते आणि २४ ते ४८ तासांत जीव जाऊ शकतो. नेमकी इथंच फसगत होते. बसण्याची ढब बघून लोकांना वाटतं शी अडकलीय, आणि एरंडेल पाजलं जातं. पोटाच्या मागच्या भागात लिंबापेक्षा मोठा, घट्ट गोळा हाताला लागला तर तो भरलेला मूत्राशय असण्याची शक्यता जास्त. तो दाबून बघू नका, फुटू शकतो. उलट्या सुरू झाल्या, मांजर निपचित पडलं, तर वेळ आणखी कमी उरला. गगनबावडा, राधानगरीकडचे असाल तर सकाळची वाट न बघता आधी फोन करून कोल्हापुरात कोण डॉक्टर उपलब्ध आहेत ते विचारा आणि निघा. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही नको. माणसाची एक गोळी मांजराला मारायला पुरते. भाट्यांची (माद्यांची) नलिका रुंद असल्यानं पूर्ण तुंबण्याचा प्रकार त्यांच्यात क्वचित होतो.

एवढं टोकाचं नसलं तरी दुखणं असू शकतं, आणि ते ओळखायला गोळा होणारं लिटर सगळ्यात कामाचं. (लिटर म्हणजे टबात घालायची ती माती; गोळा होणारी म्हणजे लघवी पडली की तिथं घट्ट गोळा बांधणारी. दुधाच्या लीटरशी घोळ नको म्हणून वजनं सगळी किलोत देतोय.) चार किलोचं निरोगी मांजर दिवसातून दोन ते चार वेळा लघवी करतं आणि प्रत्येक वेळी मध्यम बटाट्याएवढा गोळा तयार होतो. सुपारीएवढे सात-आठ गोळे दिसायला लागले, किंवा त्यांत गुलाबी छटा दिसली, तर मूत्राशयाला सूज आहे. तरुण मांजरांत ही सूज बहुतेक वेळा जंतूंमुळे नसते, ताणामुळे येते. गणपतीच्या मिरवणुकीतला साउंड, घरातली रंगरंगोटी, पाहुण्यांची गर्दी, नवीन मांजर, एवढं कारण पुरतं. म्हणून दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स हा उपाय नव्हे. उलट, गोळे अचानक दुप्पट मोठे झाले आणि मांजर पाण्याच्या भांड्याशी सारखं दिसायला लागलं, तर मूत्रपिंड किंवा मधुमेह तपासायला हवा. दहा वर्षांपुढच्या मांजरांत जंतुसंसर्गाचं प्रमाणही वाढतं.

डॉक्टर लघवीचा नमुना मागतील. तो घरी मिळवता येतो. टब साबणानं धुऊन कोरडा करा आणि त्यात पाणी न शोषणारं काहीतरी पसरा: फिशटँकमधले धुतलेले खडे, नाहीतर प्लास्टिकचे मणी. मांजर उठलं की टब तिरका करून सुई काढलेल्या सिरिंजनं ५ मिली उचला. दोन तासांत पोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. उशीर झाला की बाटलीतच (फ्रीजमध्येही) स्फटिक तयार होतात आणि रिपोर्ट उगाच घाबरवतो.

पाणी वाढवणं हा मूत्रमार्गाच्या बहुतेक दुखण्यांतला समान भाग. खाण्यातलं धरून दर किलो वजनामागं साधारण ५० मिली पाणी दिवसाला जायला हवं. कोरड्या दाण्यांत १० टक्क्यांच्या आसपासच पाणी असतं, ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के. दाण्यांवर कोमट पाणी ओता, किंवा उकडलेल्या चिकनचं बिनमिठाचं पाणी द्या. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा आळणी म्हणून बाजूला काढलेला सूपसुद्धा चालत नाही, कारण त्यात कांदा-लसूण पडलेला असतोच, आणि कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

आता हद्द आखण्याचा प्रकार. मुतणं वेगळं, फवारणं वेगळं. मुतताना मांजर खाली बसतं, आडव्या जागी थारोळं होतं. फवारताना ते भिंतीकडे पाठ करून उभं राहतं, शेपूट सरळ वर, शेपटीचं टोक थरथरतं, आणि हातभर उंचीवर थोडासाच पण उग्र वासाचा फवारा उडतो. भिंतीवरून खाली आलेला ओघळ दिसला की समजा. कोल्हापूरच्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या कौलारू घरांत बाहेरचा बोका कौलांवरून थेट माळ्यावर येतो. फ्लॅटमध्ये तो बाल्कनीसमोरच्या कंपाउंडवर येऊन बसतो. घरातल्याला तो दिसला तरी पुरे. उंबऱ्यालगतच्या चपलांवरही याच कारणानं फवारा पडतो: त्या गल्लीभरच्या मांजरांचा वास घेऊन येतात. कोल्हापुरीचं चामडं तो वास सोडत नाही आणि धुतलं तर वाकडं होतं, तेव्हा चपला बंद कपाटात.

फवारण्यावर पहिला उपाय नसबंदी. पाच-सहा महिन्यांचा झाला की करून टाका. दहातले नऊ बोके नंतर फवारणं थांबवतात किंवा कधी सुरूच करत नाहीत. वर्षानुवर्षं सवय मुरल्यावर केली तर यश कमी, आणि शस्त्रक्रियेनंतर वास उतरायला काही आठवडे जातात. भाट्याही फवारतात, विशेषतः माजावर असताना. नसबंदीच्या जोडीला खिडकीच्या खालच्या दीड-दोन फुटांना दुधी फिल्म लावा, म्हणजे बाहेरचा दिसणार नाही. रोज फवारायची ठरलेली जागा धुऊन तिथं खाण्याची वाटी ठेवा. जेवायच्या जागी मांजर सहसा खूण करत नाही. एवढ्यानं भागलं नाही तर फेरोमोनचा (मांजराला निवांत करणाऱ्या गंधाचा) डिफ्युझर, आणि शेवटी डॉक्टरांनी दिलेलं फ्लुऑक्सेटिनसारखं औषध. ते डोस मोजून, रक्त तपासून चालतं, मेडिकलमधून स्वतः आणून नाही.

बहुतेक घरांतली भानगड मात्र या दोन्हींत नसते, टबात असते.

बाजारात मांजराचा म्हणून मिळणारा ट्रे बहुधा ४० बाय ३० सेंटिमीटरचा असतो. तो पिलाला ठीक. मोठ्या मांजराला नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट लांब टब लागतो, म्हणजे किमान ६० बाय ४०. एवढा मोठा ‘कॅट ट्रे’ शोधत बसू नका. भांड्या-प्लास्टिकच्या दुकानातून कपडे ठेवायचा झाकणाचा टब घ्या, झाकण बाजूला ठेवा आणि पुढच्या बाजूला १० सेंटिमीटर उंची ठेवून इंग्रजी ‘यू’सारखी खाच कापा. कटरचं पातं तापवून कापलं की प्लास्टिक तडकत नाही. कडा पॉलिश पेपरनं घासा, नाहीतर पोटाला ओरखडे येतात आणि मांजर आत जायचं बंद होतं. म्हाताऱ्या, गुडघे धरलेल्या मांजराला खाच पाच-सहा सेंटिमीटरवर आणा. उभ्यानं मुतणाऱ्याला बाकीच्या तीन भिंती फूटभर उंच हव्यात. झाकणाचे, फिरत्या दाराचे टब माणसाला आवडतात कारण आतलं दिसत नाही. मांजराला मात्र आत अमोनियाचा कोंडलेला वास आणि पळायला एकच वाट मिळते.

टब किती? मांजरं जितकी, त्याहून एक जास्त. दोन टब शेजारी शेजारी ठेवले तर मांजराच्या हिशेबात तो एकच टब. दोन मांजरांपैकी एक दबंग असेल तर ते वाटेत नुसतं लोळून दुसऱ्याची वाट अडवतं. भांडण दिसत नाही, आवाज येत नाही, फक्त गरीब मांजर सोफ्यामागे मुतायला लागतं. यावर टब वेगवेगळ्या खोल्यांत, एवढाच इलाज.

लिटरचा थर ५ ते ७ सेंटिमीटर. ६० बाय ४० च्या टबात ५ सेंटिमीटर थराला साधारण १० किलो बेंटोनाइट (गोळा होणारं मातीचं लिटर) लागतं. ५ किलोच्या पिशवीत थर जेमतेम अडीच सेंटिमीटरचा होतो, मांजर उकरताना नख थेट प्लास्टिकला लागतं, लघवी तळाला जाऊन चिकटते आणि मग ‘हे लिटर गोळाच होत नाही’ अशी तक्रार येते. लिटर बरं असतं, माप कमी पडलेलं असतं.

बेंटोनाइट ही कच्छ आणि राजस्थानात निघणारी, पाण्यानं फुगणारी चिकणमाती. कोल्हापूरकरांना ती वेगळ्या कारणानं ओळखीची आहे: शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत साच्याची वाळू याच मातीनं बांधतात. म्हणून कुणाच्या तरी डोक्यात येतंच, की फाउंड्रीची टाकाऊ काळी वाळू फुकट मिळते, तीच वापरू. नको. त्यात कोळशाची भुकटी असते, कोअरच्या (साच्यातल्या गाभ्याच्या) वाळूत फिनॉलचं रेझिन असू शकतं, आणि मांजर पंजे चाटून हे सगळं पोटात घेतं. शेतातली काळी माती त्याच कुळातल्या खनिजानं फुगते, पण टबात तिचा चिखल होतो आणि सोबत जंतांची अंडी, गोचिडी येतात.

पैसे वाचवायचे तर बारीक नदीची वाळू चालते, मांजरांना ती आवडतेही. पण ती शोषत नाही. लघवी तळाशी साठते, म्हणून दर तीन दिवसांनी सगळी बदलायची आणि टब धुवायचा. क्रश सँड टोकदार असते, पंजाला बोचते. टिंबर मार्केटमधला भुसा स्वस्त आणि शोषणारा, पण हलका; घरभर पायांबरोबर फिरतो, आणि तो प्लायवुडचा किंवा वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचा नाही ना हे विचारूनच घ्यावा. चुलीची राख ओली झाली की तिचा क्षार पंजाच्या गाद्यांना झोंबतो. सुगंधी लिटर हे माणसाच्या नाकासाठी केलेलं. लॅव्हेंडरच्या वासानं टब सोडणारी मांजरं कमी नाहीत. दोन महिन्यांखालच्या पिलांना गोळा होणारं लिटर देऊ नका, ती चाखून बघतात आणि ते पोटात फुगतं.

कुठलं लिटर आवडतं ते मांजरालाच विचारावं. सारखे दोन टब, दोन वेगळी लिटर, फूट-दीड फुटाचं अंतर, रोज जागांची अदलाबदल, आणि आठ-दहा दिवस गोळे मोजायचे. निकाल बहुधा स्पष्ट लागतो. जुनं लिटर बदलताना मात्र एकदम नको. पहिल्या दिवशी पाव भाग नवं, मग आठवडाभरात वाढवत न्या.

टब पटत नसल्याच्या खुणा बारकाईनं बघितल्या तर लगेच कळतात. पटलेलं मांजर आत येतं, हुंगतं, पुढच्या पायानं खड्डा करतं, बसतं, वळून परत हुंगतं आणि झाकतं. न पटलेलं मांजर पुढचे दोन पाय टबाच्या काठावर ठेवून कसंबसं बसतं, ओल्या अंगणातून आल्यासारखं पंजा झटकतं, लिटरऐवजी भिंतच खरवडतं आणि काम झालं की न झाकता पळतं. ही पायरी दिसली की पुढच्या काही आठवड्यांत गादीचा नंबर लागणार, हे धरून चाला. टबाच्या अगदी शेजारी फरशीवर केलं असेल तर त्याचा अर्थ जागा बरोबर आहे, टब घाण आहे.

दिवसातून दोनदा खुरप्यानं गोळे काढा. गोळा अखंड निघावा म्हणून लघवीनंतर पंधरा-वीस मिनिटं थांबून काढलेला बरा. ताजा फोडला की चुरा खाली राहतो आणि वास त्या चुऱ्याचाच येतो. तीन आठवड्यांनी सगळं लिटर टाकून टब साध्या साबणानं धुवा, उन्हात वाळवा. आत प्लास्टिकची पिशवी अंथरू नका, नखं अडकतात.

जागा ठरवताना मांजराची बाजू बघा. वॉशिंग मशीनशेजारी नको. स्पिन सुरू होताना मांजर आत बसलेलं असलं तर त्या कोपऱ्यात ते परत जात नाही. खाण्यापासून लांब, पण घराच्या टोकाला कोंडलेलंही नको. दोन मजली घर असेल तर दोन्हीकडे एकेक. देवघराजवळ नको हे आजी सांगतीलच, आणि इथं त्यांचं नि मांजराचं एकमत आहे: उदबत्ती-धुपाच्या धुराशेजारी त्यालाही नको असतं. बाल्कनीत ठेवला तर मे महिन्यापर्यंत छान, जूनच्या झडीत लिटरचा चिखल.

मोरीचा प्रश्न आपल्याकडचा खास. बरीच मांजरं थेट न्हाणीत जाऊन जाळीवर मुततात. त्यानं तिथंच केलं आणि तुम्ही लगेच पाणी ओतलं तर तक्रारीचं कारण नाही. पण हे मांजर सांगतंय, की त्याला गुळगुळीत, थंड जागा आवडते. ते मोरीतून बेसिनवर, तिथून ओट्यावर जायच्या आत त्याला एक टब अगदी पातळ थराचा, अर्धा भाग रिकामा ठेवून द्या. कुंडीत जाणाऱ्याचं उलट: त्याला माती हवीय. कुंडीच्या मातीवर मुठीएवढे गोटे बसवा आणि टबात पहिले काही दिवस बारीक लिटरवर दोन मुठी कोरडी कुंडीची माती पसरा.

आणि आता फिनेल.

मांजराच्या यकृतात फिनॉल निकामी करणारी यंत्रणा फारच तोकडी असते. काळं फिनेल डांबरापासूनच्या फिनॉलवर्गीय तेलांचं, पांढरं पाइन तेलाचं. दोन्ही त्याला घातक. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं कुठलंही जंतुनाशक मांजराच्या घरात संशयितच धरा, डेटॉलसुद्धा, कारण त्यात क्लोरोझायलेनॉल हे फिनॉलवर्गीय रसायन असतं. मांजर फरशी चाटत नाही, पण फरशीवर चाललेले पंजे चाटतं. ब्लीचिंगची पावडर किंवा ब्लीच ताज्या लघवीवर टाकलं तर क्लोरामाइनचा झोंबरा वायू निघतो. शिवाय या सगळ्यांनी मूळ काम होतच नाही. तुमच्या नाकाला फिनेलचा वास येतो, मांजराच्या नाकाला फिनेलच्या खालून आपल्याच लघवीचा. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं, बोक्यांत सगळ्यात जास्त. ते हळूहळू फुटतं आणि त्या ओळखीच्या उग्र वासाचे पदार्थ तयार होतात. म्हणूनच पहिल्या दिवसापेक्षा चौथ्या दिवशी वास जास्त येतो, आणि पावसाळ्यात हवेतला दमटपणा ओढून जुना डागही परत जागा होतो.

डांबर गोळ्या, कापूर, लाल तिखट, कांदा-लसूण मसाला शिंपडणं हे सगळं बंद. पहिल्या दोन विषारी, पुढच्या दोन डोळ्यांना आणि तोंडाला भाजणाऱ्या. दारात निळ्या पाण्याची बाटली ठेवायची तर खुशाल ठेवा. तिचा कुणावरच काही परिणाम होत नाही.

धुण्याची रीत अशी. ताजं असेल तर जुनं सुती धोतर किंवा पंचा चार घड्या करून ठेवा, त्यावर उभं राहा, ओला झाला की बदला. घासायचं नाही, घासलं की पसरतं. मग एन्झाइम असलेली धुण्याची पावडर (पुडीवर लिहिलेलं असतं) एक लीटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम विरघळवा. उकळतं पाणी नको, त्यानं प्रथिनं शिजून धाग्यात बसतात आणि एन्झाइमही मरतं. हे पाणी डागाच्या दीडपट जागेवर ओता, आणि लघवी जितकी खोल गेली तितकं खोल जाईल एवढं ओता. वरचेवर पुसल्यानं गादीच्या आतला भाग तसाच राहतो. बहुतेकांचं चुकतं ते इथं. वरून प्लास्टिकचा कागद टाकून अर्धा तास ते दोन तास ओलं ठेवा, एन्झाइम ओलाव्यातच काम करतं. मग परत टिपून घ्या, साध्या पाण्यानं दोनदा काढा, ऊन द्या. टाइल असेल तर शेवटी सर्जिकल स्पिरिटचा हात फिरवा, जवळ गॅस पेटता नसताना. आधी त्या जागी फिनेल मारलं असेल तर ते पाण्यानं नीट काढल्याशिवाय एन्झाइम टाकू नका, फिनेल त्याला निकामी करतं.

कापसाच्या गादीत खोल मुरलं असेल तर खोळ उसवून ओला कापूस काढून फेका, राहिलेला उन्हात वाळवून पिंजून घ्या. फोमची गादी पुन्हा पुन्हा ओली झाली असेल तर ती वाचत नाही. पुढच्या गादीला वॉटरप्रूफ कव्हर घाला. एन्झाइम प्रथिनं खातं, त्यामुळे घोंगडं आणि रेशमी साडीवर ते वापरायचं नाही, लोकर आणि रेशीम हीही प्रथिनंच. शहाबादी फरशी असेल तर आणखी सावध. तो चुनखडीचा दगड, व्हिनेगर किंवा संडास धुवायचं अॅसिड पडलं की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढच्या वेळी लघवी आणखी मुरते. शहाबादीत दगडापेक्षा सांधे जास्त पितात, तेव्हा पाणी सांध्यांत ओता.

जुने डाग शोधायला यूव्ही टॉर्च, शक्यतो ३६५ नॅनोमीटरचा. रात्री दिवे मालवून गुडघ्यांवर बसून भिंतीच्या खालच्या हातभर भागावर फिरवा. लघवी पिवळट-हिरवट चमकते. साबणाचे डागही चमकतात, म्हणून खडूनं खूण करून नाकानं खात्री करून घ्या. जे काम डोळ्यांनी महिनाभर होत नाही ते दहा मिनिटांत होतं, फक्त आकडा बघून थोडा धक्का बसतो.

सवय मुरली असेल तर नुसता टब सुधारून भागत नाही. मांजराला एका छोट्या खोलीत ठेवा: एका कोपऱ्यात टब, समोरच्या कोपऱ्यात खाणं-पाणी, एक खोका, खिडकी असली तर उत्तम. गाद्या, गालिचे, कपड्यांचे ढीग बाहेर. ही शिक्षा नव्हे, दिवसातून तीन-चार वेळा जाऊन बसा, खेळा. सलग दहा-बारा दिवस सगळं टबातच झालं की शेजारची एक खोली उघडा, तुम्ही घरात असताना. चूक झाली की एक पाऊल मागे. घर मोठं उघडायची घाई केली की पहिल्यापासून सुरू. एकाच जागी सारखं मुतत असेल तर दुसरी वाट: टब त्याच जागी ठेवा, भले हॉलच्या मधोमध असला तरी, आणि दोन-तीन आठवडे नियमित वापरल्यावर रोज चार बोटं सरकवत हव्या त्या कोपऱ्यात न्या.

शीचं थोडक्यात. टबात लघवी आणि बाहेर शी, असं असेल तर टब लहान आहे किंवा दुसरा टब हवाय. बऱ्याच मांजरांना दोन्हींसाठी वेगळी जागा लागते. खडा शी दोन दिवसांपेक्षा जास्त अडली तर डॉक्टर. पातळ शीचं आपल्याकडचं नेहमीचं कारण दूध. दूध कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं दूध माणसाला मानवतं, मोठ्या मांजराला लॅक्टोज पचत नाही. दूध आठवडाभर पूर्ण बंद करून बघा. तरी थांबलं नाही तर ताजी शी डबीत घेऊन तपासायला द्या. जंताचं औषध मोठ्या मांजराला तीन महिन्यांतून एकदा, वजन करून. पर्शियन असेल तर मागच्या पायांवरचे आणि शेपटीखालचे केस बोटभर ठेवून कापा, नाहीतर शी अडकते, मांजर ढुंगण घासत फिरतं आणि दोष टबाला लागतो.

गरोदर बाई घरात असेल तर टब दुसऱ्यानं साफ करावा. टोक्सोप्लाझ्मा या पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या परजीवीची अंडी शीतून बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस घेतात, त्यामुळे रोज टब साफ होत असेल तर धोका बराच उतरतो. मांजर घालवायची गरज नाही.

गोळे संडासात टाकू नका, बेंटोनाइट पाइपमध्ये फुगून बसतं आणि प्लंबर आल्यावर सगळ्या बिल्डिंगला कळतं. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवी बांधून घंटागाडीत. पावसाळ्यात लिटरची पोती जमिनीपासून वर, तोंड बांधून ठेवा, ओल धरलेलं लिटर आधीच अर्धं फुगलेलं असतं. आणि पंचगंगेकाठी राहत असाल, २०१९ किंवा २०२१ सारखं पाणी चढायला लागून नातेवाइकांकडे हलायची वेळ आली, तर मांजराच्या पिशवीत जुन्या टबातलं दोन मुठी वापरलेलं लिटर बांधून घ्या. नव्या घरात कुठलंही घमेलं मिळालं तरी तळाला ते पसरा आणि पहिली रात्र मांजराला त्याच खोलीत ठेवा.